अकरा रुपये बक्षीस

लाखांदूरच्या स्टँडवर, पंक्चरवाल्याला लागून
माझं दुकान. तेव्हा पाटी होती:
मेमरी कार्ड भरून मिळेल. चार जीबी, वीस रुपये.
आता झेरॉक्स, पॅन, सातबारा.
जुना कॉम्प्युटर विकला नाही,
टेबलाखाली पाय ठेवायला कामी येतो.

काल डोमाजी नंदेश्वर आला, नातीला घेऊन.
बाहीवर धानाचं तूस.
आचल म्हणाली, काका, आबाचा व्हिडिओ टाकला मी,
ओसरीत बसून चोनक्यावर गाते तो,
तं आवाजच बंद केला त्यांनी.
लिहून आलं, हे गाणं दुसऱ्याच्या मालकीचं.

"दुसरा कोन?" डोमाजी म्हणाला.
"गरा माहा, चाल माही,
आरसा माह्या बायकोचा पडला चुलबंदीत.
मंग मी कोन होय?"

शोधलं. कुठल्याशा कंपनीचं, डीजे मिक्स,
नव्वद लाख लोकांनी ऐकलेलं.
संगीताखाली एक नाव,
गीताखाली लिहिलेलं: पारंपरिक.
मी मोठ्यानं वाचलं.
त्यानं विचारलं, "हा पारंपरिक कुठचा?
साकोलीकडचा हाये का?"

आचल हसली. मला हसू आलं नाही.
विरलीच्या मंडईत, स्टेजच्या बांबूला टेकून
चायना मोबाईल वर धरून
ते गाणं पहिल्यांदा उचललं कोणी, मला माहीत होतं.
तिसऱ्या दिवशी ते ब्रह्मपुरीत वाजत होतं,
आठव्या दिवशी वडशाच्या ट्रकांत, वीटभट्टीवर,
लग्नाच्या बँडात.
लोक म्हणायचे, हेमराज, तो आरसा टाकून दे.
मी टाकून द्यायचो.
किती कार्डं? तेव्हा मोजली नाहीत.
रात्री मोजत होतो, मग लाईट गेली.

फॉर्म म्हणतो, पुरावा जोडा,
प्रथम प्रसिद्धीची तारीख.
टेबलाखालचा डबा उघडला,
पालीची दोन अंडी बाजूला ठेवली, फुंकर मारली.
तिसऱ्यांदा सुरू झाला.
फोल्डर होतं. डोमा नवीन.
तारीख: एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी.
त्या मोबाईलचं घड्याळ कोणी लावलंच नव्हतं.
"त्या साली तं," डोमाजी गालावर हात फिरवत म्हणाला,
"मले मिशी बी नोती."

मग ऐकलं. एक बोंडी त्याच्या कानात, एक माझ्या.
दुसऱ्या मिनिटाला ढोलकी खाली येते
आणि धापा टाकत तोच बोलतो:
मौजा विरली, लक्ष्मण पाटील दिघोरे यांच्याकडून
अकरा रुपये बक्षीस, मंडळ आभारी आहे.

आचलनं बोंडी काढून घेतली.
पुन्हा लाव, म्हणाली. मग डीजेवालं लाव.
तिथं बक्षीस नाही, विरली नाही, दिघोरे नाही,
पण ठेका पडायच्या आधी
आभा, आभा, आभा, आभा.
वरातीत पोरं ज्याच्यावर उड्या मारतात
ते आभा.
आभारीचा रीच कापून टाकलेला.

ही तारीख नाही, पण खूण आहे.
जनावराच्या कानाला असते तशी.
मी अर्जात लिहिली, मिनिट आणि सेकंदासकट,
आणि रेकॉर्ड कोणी केलं त्या रकान्यात
माझं नाव घालताना पेन अडला.
वकील वाचेल की नाही, सांगता येत नाही.
दिघोरे पाटील तर गेले, साक्षीला कोण येणार.

गल्ला उघडला. वीसची एक नोट काढली.
एका कार्डाची. बाकीच्यांचं काय, हे तो विचारेल
म्हणून मी खाली पाहत राहिलो.

डोमाजीनं नोट कपाळाला लावली,
उभा राहिला, हात वर केला,
समोर पंक्चरवाला, एक गाय, आणि पवनीची बस.
"लाखांदूर स्टँड, हेमराज कापगते यांच्याकडून
वीस रुपये बक्षीस,"
आणि थांबला.
मंडळ आता कुठं होतं.
एकटाच म्हणाला, आभारी आहे.
पूर्ण म्हणाला.